पालक सैन्यात असेल तर मुलांची पोटगी आणि भेटीचा आदेश कसा मिळवायचा, कसा राबवायचा

पोटगीचा आदेश मिळतो. अडचण येते ती वसुलीत. आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम २८ नुसार सैनिकाचा पगार आणि भत्ते न्यायालयाच्या हुकूमनाम्यापोटी जप्त होत नाहीत. त्यामुळे इतर नोकरदारांच्या बाबतीत करतात तसा पगार जप्तीचा सरधोपट अर्ज इथे अडकतो. म्हणून न्यायालय आणि युनिट असे दोन्ही मार्ग एकाच वेळी धरावेत.

पहिला मार्ग कौटुंबिक न्यायालयाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचा पोटगीचा अर्ज पत्नी राहते त्या जिल्ह्यात करता येतो. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालानंतर दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यावंच लागतं. सैनिकाच्या शपथपत्रात मूळ पगाराबरोबर महागाई भत्ता, मिलिटरी सर्व्हिस पे आणि फील्ड भत्ते दिसले पाहिजेत; नसतील तर पे स्लिप मागवायचा अर्ज लगेच द्या. समन्स गावच्या घरी पाठवू नका, तो हमखास परत येतो. दिवाणी अर्जात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ५, नियम २८ प्रमाणे न्यायालय तो कमांडिंग ऑफिसरकडे, म्हणजे युनिटच्या प्रमुखाकडे, पाठवतं. त्यासाठी नंबर, रँक, युनिट आणि ५६ किंवा ९९ एपीओचा (सैन्याच्या टपाल कार्यालयाचा) पूर्ण पत्ता हवा. थकबाकीच्या वॉरंटचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. इथे फार जण चुकतात.

दुसरा मार्ग युनिटचा. आर्मी ॲक्टच्या, अधिकाऱ्यांसाठी कलम ९०(आय) आणि इतरांसाठी ९१(आय) खाली पत्नी-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून थेट कपात होऊ शकते. कमांडिंग ऑफिसरला साधा अर्ज करा. सोबत विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, स्वतःच्या उत्पन्नाची माहिती, रद्द केलेला चेक आणि चालू खटल्यांचा तपशील जोडा. सैनिकाला कारणे दाखवा नोटीस जाते, त्याचं उत्तर येतं आणि प्रकरण वर सरकतं. आर्मी ऑर्डर २/२००१ प्रमाणे पत्नीसाठी वेतन-भत्त्यांच्या २२ टक्के, प्रत्येक मुलासाठी ५.५ टक्के आणि एकूण ३३ टक्के ही मर्यादा आहे. म्हणजे पत्नी आणि दोन मुलांतच मर्यादा भरते. तिसऱ्यासाठी काही उरत नाही. न्यायालयाला मात्र हे टक्के बंधनकारक नाहीत. अर्ज करण्याआधी मुलाच्या जन्माची नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे सैनिकाच्या सेवा-नोंदीत, झाली आहे का ते विचारा; नसेल तर पहिले काही महिने त्यातच जातात. एका मार्गाने मिळालेली रक्कम दुसऱ्यात वजा होते, तेव्हा ती लपवू नका.

आता भेटीचं. ‘दर रविवारी दुपारी’ असा आदेश सीमेवरच्या पालकासाठी निरुपयोगी, कारण तो पहिल्याच महिन्यात मोडतो आणि मग दोघे एकमेकांवर अवमानाचे अर्ज टाकतात. भेट रजेला बांधा: रजा मंजूर होताच प्रमाणपत्राची प्रत मेसेजने पाठवायची, त्या काळातले ठरावीक दिवस मूल त्याच्याकडे, आणि रजा रद्द झाली तर पुढच्या रजेत तेवढे दिवस भरून द्यायचे. वार्षिक रजा ६० दिवसांची असली तरी ती शाळेच्या सुट्टीत मिळेलच असं नाही, म्हणून शाळेच्या दिवसांसाठी वेगळी अट लिहा: मुलाला कुठून घ्यायचं, किती वाजता परत आणायचं, प्रवासाचा खर्च कोणाचा. व्हिडिओ कॉलला ठरलेल्या मिनिटापेक्षा संध्याकाळचे दोन तास मोकळे ठेवा. फील्डमध्ये नेटवर्क नसतं. आजी-आजोबांना भेटू द्यायचं असेल तर तसं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर सैनिक नसताना ते दारातून परत फिरतात.

सैनिक पालकाने आर्मी ॲक्टचं कलम ३२ विसरू नये. खटल्यासाठीच रजा मंजूर झाल्याचं किंवा मागितल्याचं प्रमाणपत्र दिलं, तर न्यायालयाला शक्यतो त्या रजेतच सुनावणी संपवावी लागते. जमलं नाही तर कारणं नोंदवावी लागतात. प्रमाणपत्रात ‘खटल्यासाठी’ हा उल्लेख नसेल, तर अर्ज बाजूला पडतो. रजाच मिळत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २८ खाली कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून दुसऱ्या कुणाला बाजू मांडायचा अधिकार देता येतो.

पोटगी थकली म्हणून भेट अडवू नये, भेट अडवली म्हणून पोटगी थांबवू नये. हे दोन वेगळे आदेश आहेत आणि न्यायाधीश दोन्ही वागण्यांची नोंद घेतात. महिला आणि मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.