घरचा गोडा मसाला विकायला काढताय? या चुका टाळा

‘आधी पेटंट घेऊन टाकू’ ही सगळ्यात खर्चिक चूक. भाजलेले धणे, तीळ, खोबरं, दगडफूल एकत्र कुटणं म्हणजे १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(इ) प्रमाणे निव्वळ मिश्रण, त्याला पेटंट मिळत नाही. कृती परंपरेतली असेल तर पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाकारणारं ३(पी) आडवं येतं. शिवाय अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. पेटंट मिळो न मिळो, कृती उघडी पडते. कॉपीराइट तुमच्या मजकुराला आणि फोटोंना मिळतो, प्रमाणाला नाही. आणि नोटरी फक्त सहीची साक्ष देतो, मालकी नव्हे.

उरतं ते गुपित. आपल्याकडे त्यासाठी स्वतंत्र कायदा नाही, मुख्य भिस्त करारावर. आणि गुपित फुटतं ते कांडप केंद्रावर. वजनासकट पूर्ण यादी तिथे देऊ नका. धणे, तीळ, खोबरं बाहेर कुटून घ्या. दगडफूल, नागकेशर, शहाजिरं, लवंग, दालचिनी यांची पूड घरी करून ‘मिश्रण १’ अशी चिठ्ठी लावा आणि शेवटी मिसळा. सगळं सामान एकाच दुकानातून घेतलं, तर तुमची पाककृती दुकानदाराच्या वहीत आपोआप उतरते.

काम करणाऱ्यांशी गोपनीयतेचा करार काम सोपवण्याआधीच करा. काय गुप्त, किती वर्षं, कागद परत कधी, भरपाई किती, हे सगळं त्यात हवं. कृती मात्र करारात लिहू नका (असे महाभाग असतात). नुसता ‘मिश्रण १’ असा उल्लेख पुरे. ‘काम सोडल्यावर मसाल्याचा धंदा करणार नाही’ ही अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. ‘आमची कृती वापरणार नाही, कुणाला सांगणार नाही’ असं लिहून घ्या.

पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावेच लागतात, पण प्रत्येकाचं प्रमाण नाही. मात्र दर्शनी बाजूला ‘भरपूर नागकेशर’ असं मिरवलंत, तर त्याची टक्केवारी द्यावी लागू शकते.

‘गोडा मसाला’ हे नाव कुणा एकाचं होत नाही. त्याला जोडून वेगळं नाव शोधा. ते नोंदवताना मसाल्यासाठी ट्रेडमार्कचा वर्ग ३०, लोणच्यासाठी २९. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाचं शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये. नोंदणीआधी ‘टीएम’ (हे नाव आमचं, असा दावा) लावता येतं. वर्तुळातला ‘आर’ (नाव नोंदलेलं असल्याची खूण) मात्र नोंदणीआधी लावणं बेकायदा आहे.

घरच्यांनी मिळून धंदा काढला आणि ट्रेडमार्कचा अर्ज एकट्या धाकट्या भावाच्या नावाने केला, तर कागदोपत्री ब्रँड त्याचाच. पहिलं पाकीट विकण्याआधी वाटे ठरवून लेखी करून घ्या.