सोनचाफा लावताय? बेळगाव भागात होणाऱ्या या चुका टाळा

आपल्याकडे सोनचाफ्याची कलमं मरतात ती बहुतेक वेळा बुंध्याशी पाणी साचून. खानापूर-जांबोटीकडे एकदा झड लागली की उघडीप मिळत नाही, आणि मृगात हौसेनं लावलेलं कलम श्रावणापर्यंत मान टाकतं. पानं पिवळी पडली की लोक आधी खत घालतात. तसं करू नका. खुरप्यानं जरा माती उकरून मुळी बघा. मुळी तपकिरी, मऊ झालेली असेल, बोटांनी ओढल्यावर साल सुटून येत असेल आणि कुबट वास असेल, तर ती कुजली आहे. अशा झाडाला खत म्हणजे आणखी त्रास. पाणी बाहेर काढायला चर खणा आणि खत पूर्ण थांबवा.

तांबड्या, निचऱ्याच्या मातीत दोन फुटी खड्डा ठीक आहे. पण भाताच्या चिकण रानात किंवा निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत तोच खड्डा हौदासारखा भरून राहतो. तिथं खड्ड्याच्या नादी न लागता फूट-दीड फूट उंच वरंबा करून त्यावर कलम लावा. काळ्या, चुनखडीच्या रानात आणखी एक गोष्ट दिसते: कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. ही लोहाची कमतरता. युरिया टाकून ती जात नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं लोह) फवारा आणि शेणखत वाढवा.

खरेदीतही फसगत होते. नुसतं ‘चाफा’ म्हणाल तर देवचाफा हातात पडेल. कानडी नर्सरीवाल्याकडे ‘संपिगे’ मागा, आणि कलमच मागा. बियांच्या रोपाला फुलं यायला सात-आठ वर्षंही लागतात, कलमाला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच कळ्या दिसतात. परड्यात सावलीसाठी मोठं झाड हवं असेल तर रोप जरूर लावा, पण फुलं विकायची असतील तर कलमाला पर्याय नाही.

आता जोड बघा. जिथं कलम बांधलंय तिथली प्लास्टिकची पट्टी बरेच जण तशीच ठेवतात. खोड जाड होत जातं, पट्टी सालीत रुतते, वरचा भाग फुगतो आणि एखाद्या वाऱ्यात कलम तिथंच मोडतं. जोड पक्का झाला की ब्लेडनं पट्टी उभी चिरून काढा. लावताना जोड मातीच्या वर चांगला चार बोटं राहू द्या. जोडाखालून फूट आली तर लगेच खुडा. ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या रोपाची फूट असते, जोमानं वाढते आणि वरचं कलम उपाशी ठेवते. पहिल्या वर्षीच्या कळ्याही खुडाव्यात असं माझं ठाम मत आहे. जीव होतो कासावीस, पण झाड अंग धरतं.

छाटणीला लोक घाबरतात. सोनचाफ्याची फुलं नव्या फुटीवर पानांच्या बेचक्यात येतात, त्यामुळे न छाटलेलं झाड उंच जातं आणि फुलं हाताबाहेर जातात. थंडी सरल्यावर शेंडे छाटून झाड डोक्याच्या उंचीला राखा. भर पावसात मोठी फांदी कापू नका, जखम कुजते. कापलीच तर जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

कळ्या गळत असतील तर पाण्याची पाळी तपासा. एप्रिल-मेमध्ये रान पार वाळवून एकदम भरपूर पाणी दिलं की कळ्या गळतात. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा, पाणी थोडं पण नेमानं द्या. मुंग्यांची रांग आणि पानांवर काजळी दिसली तर फांदीवर खवले कीड शोधा. लिटरला पाच मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी मिसळून फवारा.

फुलं पहाटे, अर्धवट उमललेली असताना देठासकट तोडा. पाकळीला बोट लागलं की तिथं काळा डाग पडतो, आणि गौरी-गणपतीच्या बाजारात डागाळलेल्या फुलाला भाव मिळत नाही.