मराठी माणसानं अहिराणी कशी शिकावी

बदलीमुळे किंवा लग्नामुळे धुळे, नंदुरबार, अमळनेरकडे आलेल्या मराठी माणसाला अहिराणी पहिल्याच दिवशी निम्मीशिम्मी कळते, आणि तिथंच घोळ होतो. कळतंय म्हणून तो बोलायचं टाळतो. समोरचेही बाहेरचा माणूस दिसला की लगेच मराठीवर येतात. तो त्यांचा पाहुणचार असतो. म्हणून पहिलं काम म्हणजे ओळखीच्या एका घरी सरळ सांगून टाका, "मनासंगे अहिरानीमाच बोला."

घर एकच धरा, गावही एकच. बागलाणातली बोली वेगळी, नंदुरबारकडची वेगळी. सुरुवातीला दोन्ही ऐकलीत तर गोंधळाल. यावल-रावेरकडे राहत असाल तर तिथं लेवा गणबोली भेटेल. बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) कविता त्या बोलीतली आहे, अहिराणीतली नव्हे.

मग चार बिजागऱ्या पक्क्या करा. 'आहे'ला 'शे': मी शे, तू शेस. 'माझा-तुझा'ला 'मना-तुना'. 'मला-तुला'ला 'माले-तुले'. 'घरात'ला 'घरमा'. शिवाय 'ळ'चा 'य' होतो, म्हणजे डोळा 'डोया' आणि काळा 'काया'. एवढं कानात बसलं की अनोळखी वाटणारे कितीतरी शब्द आपोआप उलगडतात. "काय करी ऱ्हायना?" म्हणजे 'काय करतोयस?'; हा प्रश्न बाईला विचारताना 'ऱ्हायनी' होतो, हेही लगेच घोटून घ्या.

मुलगा 'आंडोर', मुलगी 'आंडेर'. फरक एका स्वराचा. माझी इथं चूक झाली तेव्हा शेजारच्या मायनं भाकरी थापता थापता दोन्ही शब्द तीनदा म्हणून दाखवले. मला ते चुलीजवळच पाठ झाले, वहीत नाही. म्हणून हातात काम असेल तिथं बसा: ज्वारीचे पापड घालताना, कापूस वेचताना. कामात तीच तीच क्रियापदं पुन्हा येतात आणि वस्तू समोर असल्यानं अर्थ विचारावा लागत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई ही देवी बसते. तिथं जरूर जा, पण गाण्यांतले जुने शब्द पहिल्या वर्षी नुसते ऐका. फोनवर आवाज टिपायचा असेल तर आधी विचारा.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: गंमत म्हणून नक्कल. या बोलीला 'गावंढळ' म्हणून हिणवलेलं अनेकांनी ऐकलंय, आणि ती जखम अजून ओली आहे. अडखळत बोललेलं त्यांना चालतं, मनापासून आवडतं.

महिनाभरानं बाजारात जाऊन अहिराणीत भाव विचारा. उत्तर मराठीत आलं तरी तुमचं पुढचं वाक्य अहिराणीतच ठेवा.