दोष कोणत्या कमिटमध्ये शिरला, हे ‘गिट बायसेक्ट’ने कसे शोधावे

प्रोग्रॅमच्या मागच्या आवृत्तीत बिनबोभाट चालणारी गोष्ट या आवृत्तीत बिघडली आहे आणि मधल्या काळात हजारभर कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी, झाले आहेत, अशा वेळी बहुतेक जण संशय येईल त्या फाइली वाचत बसतात. त्याऐवजी गिट या कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातलीच ‘बायसेक्ट’ ही सोय वापरावी. चांगला आणि बिघडलेला अशा दोन कमिटांच्या साधारण मधोमध असलेला कमिट गिट आपल्यापुढे ठेवते, आपण त्यावर निवाडा द्यायचा, आणि प्रत्येक निवाड्यासरशी संशयितांची संख्या जवळजवळ निम्मी होते. म्हणूनच १,००० कमिटांमधला दोषी कमिट साधारण १० तपासण्यांत हाती लागतो.

मात्र खरे कष्ट आदेश देण्याआधीचे आहेत. हो किंवा नाही एवढेच उत्तर देणारी नेमकी चाचणी हाताशी नसेल, तर बायसेक्ट सुरूच करू नये. समजा, बिलात प्रत्येकी १०.२० रुपयांच्या तीन ओळी आहेत आणि जीएसटी १८ टक्के आहे. एकूण ३०.६० रुपयांवर कर काढून तो शेवटी एकदाच राउंड केला, तर ५.५१ रुपये येतो. प्रत्येक ओळीचा कर १.८४ असा राउंड करून मग बेरीज केली, तर ५.५२ येतो. ‘बिलात कधी कधी पैशाचा फरक पडतो’ या तक्रारीवर बायसेक्ट चालवता येत नाही. ‘या तीन ओळींचा कर ५.५१ आला पाहिजे’ या चाचणीवर येते.

चाचणी तयार झाली की अर्धवट राहिलेले बदल कमिट करावेत किंवा ‘गिट स्टॅश’ने बाजूला ठेवावेत. मग ‘गिट बायसेक्ट स्टार्ट’, सध्याच्या बिघडलेल्या कमिटवर ‘गिट बायसेक्ट बॅड’, आणि ‘गिट बायसेक्ट गुड’पुढे जुन्या चांगल्या आवृत्तीचा टॅग (त्या कमिटला दिलेले नाव), असे तीन आदेश द्यावेत. तो जुना कमिट खरोखर चांगला आहे, हे चाचणी तिथे चालवून स्वतः पाहावे. मी एकदा सहकाऱ्याच्या सांगण्यावर विसंबून एक टॅग चांगला धरला आणि अख्खी दुपार घालवून भलताच कमिट शोधून काढला. दोष त्या टॅगच्याही आधीपासून होता.

पुढचे काम ‘गिट बायसेक्ट रन’ आणि आपली स्क्रिप्ट यांवर सोपवता येते. स्क्रिप्टचा एक्झिट कोड (ती संपताना परत करते तो आकडा) ० आला, तर गिट तो कमिट चांगला मानते. १ ते १२७ मधला आला, तर वाईट. फक्त १२५ याचा अर्थ ‘हा कमिट तपासता येत नाही, वगळा’ असा होतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये आधी बिल्ड करावा, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करावा, तो फसला तर १२५ परत करावा, आणि त्यानंतरच चाचणी चालवावी. हा बारकावा सुटला, तर नुसता बिल्ड न झालेला निरपराध कमिटही दोषी ठरतो. स्क्रिप्ट रिपॉझिटरीच्या (गिट सांभाळत असलेल्या प्रकल्पाच्या फोल्डरच्या) बाहेर ठेवावी, कारण जुन्या कमिटवर जाताना आतल्या फाइली बदलतात. डिपेंडन्सी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी, कमिटागणिक बदलत असतील, तर त्या दर वेळी नव्याने बसवण्याची पायरी स्क्रिप्टमध्ये हवीच. चाचणी कधी पास तर कधी नापास होत असेल, तर ती स्क्रिप्टमधूनच अनेकदा चालवावी आणि एकदा जरी नापास झाली तरी कमिट वाईट धरावा. एक चुकीचा निवाडा पुढचा सगळा शोध भरकटवतो.

दोषी कमिट सापडला की ‘गिट बायसेक्ट लॉग’ फाइलमध्ये जपून ठेवावा आणि ‘गिट बायसेक्ट रीसेट’ने मूळ ब्रँचवर (कामाच्या शाखेवर) परतावे. लगेच दुरुस्तीला न लागता तो कमिट वेगळ्या ब्रँचवर रिव्हर्ट करून (त्यातले बदल उलटवून) चाचणी पुन्हा चालवावी. ती पास झाली, तर निदान पक्के.

सापडलेला कमिट तीस ओळींचा असेल, तर राउंड करण्याची जागा बदललेली ओळ दोन मिनिटांत दिसते. तोच ‘किरकोळ सुधारणा’ अशा संदेशाखाली साठ फाइली बदलणारा असेल, तर गिटने आपले काम चोख केलेले असते, पण त्या साठ फाइली आपल्याला हातानेच चाळाव्या लागतात.