अक्षरांवरून रेकॉर्ड गाळताना या चुका टाळा

'क' ते 'म'पर्यंतच्या अक्षरांनी सुरू होणारी नावं हवीत म्हणून एसक्यूएलमध्ये (डेटाबेसमधून माहिती मागायच्या भाषेत) बिट्वीन 'क' अँड 'म' लिहिलं. क्वेरी, म्हणजे ही मागणी, चालली, एरर नाही. यादीत 'भास्कर' आहे. 'महेश' आणि 'मीना' मात्र गायब! डेटा तपासत बसू नका, घोळ वरच्या टोकाला आहे. बिट्वीन दोन्ही टोकं धरतं हे खरं, पण इथलं टोक म्हणजे नुसता एकाक्षरी 'म'. तुलना डावीकडून एकेक अक्षर घेत जाते. पहिला 'म' जुळला, मग एक स्ट्रिंग (अक्षरांची माळ) संपली आणि दुसरीत 'हेश' उरलं. म्हणून 'महेश' मोठा ठरला आणि बाहेर गेला. यावर काही जण 'मझझझ' अशी मर्यादा ठोकतात. 'झ'पेक्षा 'ह' पुढे, त्यामुळे महेश बाहेरच राहतो. सरळ पुढचं अक्षर घ्या आणि बरोबरचं चिन्ह काढा:

नाव >= 'क' अँड नाव < 'य'

आता कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम. एसक्यूलाइट हे डेटाबेस सॉफ्टवेअर मुळात बायनरी तुलना करतं, म्हणजे नुसते अक्षरांचे कोड बघतं, म्हणून इंग्रजीतलं कॅपिटल झेड (कोड 90) स्मॉल एच्या (97) आधी येतं. मायएसक्यूएल 8.0 या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरचं डिफॉल्ट कोलेशन कॅपिटल-स्मॉल असा भेदच करत नाही. त्यामुळे लॅपटॉपवर एसक्यूलाइटमध्ये बरोबर चाललेली क्वेरी सर्व्हरवर मायएसक्यूएलमध्ये वेगळेच रेकॉर्ड देऊ शकते.

देवनागरीत आणखी गंमत आहे. अक्षरांना कोड देणाऱ्या युनिकोडने 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसवलाय. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. 'क्ष' तर आतून 'क', हलन्त आणि 'ष' असा साठवला जातो, त्यामुळे बायनरी तुलनेत 'क' ते 'ख'च्या फिल्टरमध्ये 'क्षितिजा' हमखास सापडते. वर्णमालेचाच क्रम हवा असेल तर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आयसीयू या लायब्ररीचं मराठी कोलेशन वापरा, आणि तेच व्हेअर (गाळण्याची अट) आणि ऑर्डर बाय (क्रम लावणं) दोन्हीकडे लावा. एकीकडे लावून दुसरीकडे विसरलात, तर यादी पानापानाने दाखवताना रेकॉर्ड सुटतात.

टेक्स्ट कॉलममध्ये आकडे असतील तर '10' हा '9'पेक्षा लहान ठरतो. आधी कास्ट करा, म्हणजे त्यांचं संख्येत रूपांतर करा. नावाआधी चुकून स्पेस पडली असेल तर ते नाव बायनरी तुलनेत सगळ्या अक्षरांच्या आधी जातं. नल (न भरलेली जागा) तर 'य'च्या अलीकडेही येत नाही आणि पलीकडेही नाही. दोन्ही याद्यांची बेरीज एकूण रेकॉर्डपेक्षा कमी भरली की आधी नल मोजा.