साठा उत्तरांची आठवण, पाचा उत्तरी

श्रावणातल्या कहाण्यांच्या शेवटी येणारे ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. साठ उत्तरांत सांगावी लागेल एवढी मोठी गोष्ट पाच उत्तरांत आटोपली, असा त्याचा अर्थ साधारणपणे लावला जातो. शाळेत, वाचनालयात किंवा वस्तीत जाऊन मुलांना विनामूल्य गोष्टी सांगण्याची ज्यांना इच्छा आहे, आणि त्यातही आपल्या घरातल्या आठवणी मुलांपर्यंत पोहोचाव्यात असे ज्यांना वाटते, त्यांनी कामाला लागण्यापूर्वी या वाक्याचा विचार करावा. आठवणी सांगणाऱ्या माणसांजवळ साठ उत्तरे भरपूर असतात. पाच निवडण्याचे कष्ट मात्र फारसे कोणी घेत नाही.

मीही घेतले नव्हते. आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगायला उभा राहिलो. पाऊस का पडला नाही, रोजगार हमीची कामे कशी निघाली, पाझर तलाव कुठे कुठे झाले, असे सगळे मी तपशीलवार सांगत होतो आणि चौथीची मुले एकमेकांच्या पाठीवर बोटाने अक्षरे काढत होती. बोलण्याच्या ओघात आईला खडी फोडण्याच्या कामावर सुकडी, म्हणजे मजुरांना वाटला जाणारा कोरडा खाऊ, मिळायची आणि ती पदराला बांधून घरी आणायची, असे एक वाक्य येऊन गेले. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारले, “सुकडी गोड असते का?” त्या दिवशी सांगण्यासारखी गोष्ट तेवढीच होती, पदराला बांधलेली सुकडी, आणि ती मी एका वाक्यात उरकून पुढे गेलो होतो.

सुरुवात कुठे करावी, हा पहिला व्यावहारिक प्रश्न. सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग, अंगणवाडी, सोसायटीचे सभागृह, देवळाची ओसरी यांपैकी कोणतीही जागा चालते. पण नियमितपणा हवा असेल तर शाळेसारखी जागा नाही. मुख्याध्यापकांना भेटून आपण कोण, काय सांगणार आणि किती वेळ घेणार हे एका पानाच्या अर्जात लिहून द्यावे, आणि शक्य झाल्यास शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो विषय ठेवण्याची विनंती करावी, कारण समितीत पालक असतात आणि पुढे घरातल्या आठवणी मागायच्या आहेत त्या याच पालकांकडून. शनिवारची सकाळची शाळा सोयीची पडते. राज्य शासनाच्या ‘आनंददायी शनिवार’ या उपक्रमामुळे अशा कामाला वेळापत्रकात जागाही मिळू लागली आहे. महिन्यातून दोनच वार ठरवावेत, पण ते चुकवू नयेत. वर्गशिक्षकांनी सत्रभर वर्गात थांबावे, असा आग्रह आपणच धरावा. मुलांबरोबर बाहेरच्या माणसाने एकटे असू नये, परवानगीवाचून त्यांची छायाचित्रे काढू नयेत, ही शिस्त मुलांच्या आणि आपल्याही हिताची आहे.

पंचवीस-तीस मुले, अर्धवर्तुळात बसलेली, आणि जास्तीत जास्त चाळीस मिनिटे, एवढे मोजमाप पुरते. ध्वनिक्षेपकाची गरज भासत असेल तर मुले जास्त आहेत असे समजावे.

घरातल्या आठवणींकडे एकदम वळू नये. पहिली तीन-चार सत्रे लोककथांना द्यावीत, म्हणजे मुलांचा कान आणि आपली जीभ दोन्ही तयार होतात. पहिली-दुसरीच्या मुलांना एकच वाक्य पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी लागतात. लेकीकडे निघालेली म्हातारी आणि तिचा टुणुक टुणुक भोपळा, दार न उघडता बाळाला अंघोळ, पावडर, काजळ असे एकामागून एक कारण सांगणारी चिमणी, राजाला ‘भिकारी’ म्हणत ढोलके वाजवणारा टोपीवाला उंदीर, या गोष्टींत मुलांना दुसऱ्याच फेरीत आपला वाटा सापडतो आणि ती आपल्या आधी वाक्य म्हणून मोकळी होतात. तिसरीपासून पुढे ‘आटपाट नगर होतं’ असे म्हणून कहाणीच्या चालीवर कोणतीही गोष्ट सुरू करता येते. या शब्दांनी ऐकणाऱ्याला बसल्या जागी दुसरीकडे नेण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे, तेव्हा त्यांच्याऐवजी नवी सुरुवात शोधण्यात वेळ घालवू नये.

गोष्ट पाठ करू नये. पाठ केलेली गोष्ट एक वाक्य निसटले की सगळीच निसटते, आणि मधेच कोणा मुलाने प्रश्न विचारला तर सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्रास दिसतो. पाठ करायचे ते पहिले वाक्य, शेवटचे वाक्य आणि मधे पुन्हा पुन्हा येणारे पालुपद. बाकीच्या गोष्टीची पाच चित्रे डोळ्यांसमोर आणावीत, ती त्याच क्रमाने दिसतात की नाही हे पाहावे आणि मग भिंतीला, म्हशीला किंवा सकाळी फिरताना स्वतःलाच तीन वेळा मोठ्याने सांगावी. तिसऱ्या वेळेला वाक्ये आपोआप आखूड होतात. पूर्वी गोष्ट ऐकताना कोणीतरी ‘हं’ म्हणत राहायचे, आणि हुंकार थांबला की ऐकणारा झोपला असे सांगणाऱ्याला कळायचे. वर्गात दर वेळी एका मुलाला हे काम द्यावे. मुलांना हा मान वाटतो, आणि कुठे गोष्ट ढिली पडते हे आपल्याला त्या ‘हं’च्या सुरावरून समजते.

तात्पर्य सांगू नये आणि विचारूही नये. परिपाठात बोधकथा रोज होते, तिचे ते ठिकाण आहे. आपल्या गोष्टीनंतर दोन क्षण शांतता राहिली तर ती भरून काढण्याची घाई करू नये.

भाषेबद्दल एक सूचना अशी की, ज्या बोलीत मुले घरी बोलतात तिच्या शब्दांना दार उघडे ठेवावे. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणारे मूल गोष्टीतल्या वस्तूला आपल्या घरचा शब्द सुचवते तेव्हा तो तिथल्या तिथे गोष्टीत घ्यावा. कोरकू, गोंडी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत तर एखाद्या पालकाला सोबत घेऊन पालुपद त्या भाषेत म्हणवून घेतल्याशिवाय सांगण्यात जीव येत नाही.

आता आठवणींकडे. त्या मिळवताना सर्वांत मोठी चूक प्रश्नातच होते. “तुमच्या काळी कसे होते?” असे विचारले की समोरच्या आजोबांकडून ‘आमच्या काळी’ या शब्दांनी सुरू होणारे व्याख्यान मिळते, आणि त्यात आताच्या मुलांना काहीच कसे ठाऊक नाही याचा पाढा असतो. त्याऐवजी हातात येईल अशी वस्तू विचारावी: जाते, कंदील, पत्र्याची ट्रंक, पहिली सायकल, रॉकेलच्या रांगेत धरायचा डबा, शिक्के मारलेले जुने रेशनकार्ड. वस्तू शक्य असेल तर समोरच ठेवावी. मग त्या वस्तूचा एकच दिवस विचारावा. “सायकल कधी घेतली?” यापेक्षा “सायकल घरी आली त्या दिवशी ती कोणी चालवत आणली, आणि अंगणात कोण कोण होते?” या प्रश्नाला उत्तर म्हणून गोष्ट येते. वास, चव, आवाज विचारावेत. पहिल्या उत्तरानंतर लगेच दुसरा प्रश्न टाकू नये. म्हातारी माणसे गप्प बसतात तेव्हा पुष्कळदा ती आठवत असतात.

साल विचारून साल मिळत नाही, पण मोठ्या घटनांच्या खुंट्यांवर टांगलेले आयुष्य नेमके मिळते. “पानशेतचे धरण फुटले तेव्हा तुम्ही केवढे होता?” असे पुण्यातल्या आजींना विचारले की १२ जुलै १९६१ हा दिवस पायरीसारखा उपयोगी पडतो. सातारा-चिपळूण भागात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप, मुंबईच्या गिरणगावात जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप, गोव्यात १९ डिसेंबर १९६१ ची मुक्ती, आणि जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ. ‘त्याच्या आधी की नंतर’ एवढे विचारले तरी लग्ने, जन्म, घर बांधणे हे सारे आपापल्या जागी जाऊन बसते. या घटना मुलांना समजावून सांगण्याचा मोह मात्र टाळावा. त्या सांगणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत. मुलांना त्या पहाटे अंगणात कोणी कोणाला उचलून आणले हे हवे असते.

काही बायका ‘मला काही सांगता येत नाही’ असे म्हणतात आणि ते खरेही असते, कारण त्यांचे सांगणे जात्यावरच्या ओवीत झालेले असते. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. माहेर, भाऊ, सासुरवास, पाऊस, पंढरी असे बाईच्या आयुष्यातले सारे त्या ओव्यांतून आलेले दिसते. म्हणून अशा आजींना गोष्ट मागू नये, दळताना काय म्हणायचात असे विचारावे. एक ओवी आली की तिच्यामागची हकीकत बहुधा पाठोपाठ येते.

मिळालेले सगळे सांगायचे नसते. तासाभराच्या बोलण्यातून एक दिवस, दोन किंवा तीन माणसे, एक वस्तू आणि एक अडचण एवढे उचलावे, आणि त्याची पाच चित्रे करावीत. माझ्या दुष्काळाच्या आठवणीची शेवटी पाच चित्रे झाली ती अशी: आई अंधारातच कामावर निघते; दिवसभर खडी फोडून तिचे हात सोलवटतात; दुपारी मिळालेली सुकडी ती खात नाही, पदराला गाठ मारते; संध्याकाळी आम्ही भावंडे वेशीपाशी तिची वाट पाहत बसतो; ती येते आणि आमच्यापैकी एकाला गाठ सोडायला सांगते. ही गोष्ट सात मिनिटांची आहे. खडीचा दर, कामाचे ठिकाण, मुकादमाशी झालेले भांडण हे सगळे मला आठवते, पण ते मी वहीत लिहून ठेवले आहे. आठवणीत नसलेले काही घालून ती गोड करू नये. एखाद्या ठिकाणी आठवत नसेल तर “इथले मला आठवत नाही” असे मुलांना सरळ सांगावे. त्यांना त्याचे काही वाटत नाही, उलट कोणीतरी आपला अंदाज सांगते.

काही आठवणींना दुसऱ्याच्या परवानगीची गरज असते. भाऊबंदकी, दारू, जातीवरून झालेला अपमान, घरातला मृत्यू हे विषय वर्ज्य नाहीत, पण ज्यांच्या आयुष्यातले ते प्रसंग आहेत त्यांनी होकार दिल्याशिवाय ते वर्गात आणू नयेत, आणि होकार मिळाला तरी नावे व गाव बदलावे. लहान गावात ‘एक शेजारी’ म्हटले तरी मुलांना कोण ते कळते. सांगणाऱ्या आजीचा आवाज मधेच भरून आला तर पुढचा प्रश्न न विचारता पाणी द्यावे आणि त्या दिवसापुरते तिथेच थांबावे.

यानंतरची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. मुलांनी स्वतः आठवण आणावी. मात्र ‘आजी-आजोबांची आठवण विचारून या’ असा गृहपाठ देऊ नये. वर्गात आईवडील गमावलेली मुले असतात, आईवडील ऊसतोडीला गेल्यामुळे हंगामी वसतिगृहात राहणारी मुले असतात, आश्रमशाळेत तर सगळीच घरापासून दूर असतात. ‘ओळखीच्या कोणत्याही मोठ्या माणसाला त्याच्या लहानपणातली एक वस्तू विचारा’ असे म्हटले की शाळेतल्या स्वयंपाकीण मावशी, एस.टी.चे वाहक, दुकानदार असे सगळे त्या कक्षेत येतात. ज्यांची नातवंडे परदेशात आहेत त्यांनाही हीच रीत लागू पडते. व्हिडिओ कॉलवर “जेवलास का, अभ्यास झाला का” या पलीकडे बोलणे जात नसेल तर आजीने एक जुना तांब्या पडद्यासमोर धरावा आणि हा कशासाठी असेल ते ओळखायला सांगावे.

आणलेली आठवण मुलाने आधी शेजाऱ्याला दोन मिनिटांत सांगावी, मग हवे असल्यास वर्गाला. व्याकरण सुधारू नये. एखाद्या पाहुण्या आजोबांना बोलावले असेल तर त्यांना एकटे उभे न करता शेजारी एका मुलाला प्रश्न विचारायला बसवावे, म्हणजे बोलणे लांबत नाही. लांबलेच तर त्या मुलाने “मग घरी कसे आलात?” असे विचारावे. घरी आल्यावर गोष्ट संपतेच.

नोंद ठेवण्यासाठी साधा मोबाइल पुरेसा आहे, फक्त पंखा बंद करावा, फोन घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवावा आणि मधेच कॉल येणार नाही अशी सोय करावी. ध्वनिमुद्रणाच्या आरंभी तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे, आणि प्रत दोन ठिकाणी ठेवावी. शिवाय वर्गाची एक जाड वही असावी. तिच्यात प्रत्येक आठवण एका पानात लिहावी आणि खाली सांगणाऱ्याचे व ऐकून आणणाऱ्या मुलाचे नाव घालावे. वही वर्गातच राहावी आणि तिच्यातले काही बाहेर द्यायचे असेल तर पुन्हा विचारावे. आमच्या वहीत मुलांनी मागच्या वर्षापासून या दोन नावांखाली आपणहून तिसरी ओळ सुरू केली आहे, आणि मी ती तशीच राहू दिली आहे: ‘हं म्हणणारी मुलगी’, आणि पुढे तिचे नाव.