सी-टाइप केबलवर नाव लिहून ठेवा
ड्रॉवरमधल्या सगळ्या सी-टाइप केबल्स दिसायला जुळ्या बहिणी, आणि नेमकं मीटिंगच्या तोंडावर मॉनिटरला लावलेली केबल चित्रच दाखवत नाही. मॉनिटर बिचारा ठीक असतो. फोनसोबत मिळणारी केबल बहुधा यूएसबी 2.0 ची असते: चार्जिंग होतं, पण डेटाचा वेग सेकंदाला फार तर 480 मेगाबिट, आणि मॉनिटरला थेट व्हिडिओ नाहीच. विजेचंही तेच. साधी केबल 3 अँपिअर, म्हणजे 60 वॉटपर्यंतच. त्यापुढे 5 अँपिअरसाठी केबलमध्ये ई-मार्कर चिप लागते, म्हणजे ही केबल किती वीज पेलते ते चार्जरला सांगणारी चिप. ती नसेल तर 100 वॉटचा महागडा चार्जरही मुकाट 60 वर येतो.

म्हणून एखाद्या रविवारी एकेक केबल लावून बघा. त्या केबलने जोडलेल्या एसएसडीवर (बाहेरून लावायच्या वेगवान ड्राइव्हवर) मोठी फाइल कॉपी करताना वेग सेकंदाला 40 एमबीच्या (मेगाबाइट, मेगाबिट नव्हे) आसपासच अडकला, तर केबल बहुतेक 2.0 ची. मग कागदी चिकटपट्टीवर ‘फक्त चार्जिंग’, ‘मॉनिटर’ असं लिहून चिकटवा. दोन्ही टोकांना हं, एक टोक कायम टेबलामागे पडलेलं असतं. आणि मॉनिटरवाली केबल घरात कुणालाही ‘पाच मिनिटं’ देऊ नका.